दौलतरावांचं कुलूप

गाडीची किंमत मी इथे लिहिणार नाही. माझी बायको वंदना हे वाचते.

एवढंच सांगतो की जानेवारीत मी रायपूरच्या एका ठेकेदाराने आठ वर्षं वापरलेली विलायती गाडी घेतली. चारही चाकं ओढणारी, आत पांढऱ्या चामड्याच्या सीटा, वर काचेचं छत. गिअरजवळ एक गोल बटण आणि त्याच्याभोवती चार चित्रं होती: वाळू, चिखल, दगड, बर्फ. भिलईत बर्फ फक्त उसाच्या रसात असतो, पण बटण फिरवलं की गाडी त्याचीही तयारी करायची. ठेकेदाराने तिला डांबरावरून खाली कधी उतरवलं नव्हतं. त्याला गाडी लग्नात न्यायला लागायची.

मी काही हौस म्हणून घेतली नाही. वंदनाची मोठी बहीण मैनाबाई सालेकसाच्या आत जंगलाकडे, कोसमटोल्याला एकटी राहते. आई गेली तेव्हा वंदना सहा वर्षांची होती. तिला बाईंनीच वाढवलं. दोन वर्षांपूर्वी बाईंचा खुबा मोडला आणि तेव्हापासून त्यांचं जग अंगणापुरतं उरलं. दिवाळीत गावात डोळ्यांचं शिबिर झालं. डॉक्टरने सांगितलं, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलाय, होळीच्या आत ऑपरेशन करा, नाहीतर डोळ्यात दाब वाढेल आणि मग हाती काही राहणार नाही. ऑपरेशन दुर्गला होणार होतं. गावापासून पक्क्या सडकेपर्यंत सहा किलोमीटर दगड, आणि मध्ये बिनपुलाचा नाला. शेजारच्या मुलाची छोटी कार तिथे पोट घासून परत आली होती.

"मी आणतो बाईंना," मी वंदनाला म्हणालो. "गादीवर बसवून आणतो. पोटातलं पाणी हलणार नाही."

फोनवर बाईंनाही मीच सांगितलं. बाई खूश झाल्या. सगळ्या गावाला सांगून आल्या असत्या, पण चालता येत नसल्यामुळे गावालाच अंगणात बोलावून सांगितलं.

आता कोणी विचारेल, मग दुसऱ्या दिवशी का गेलो नाही? असं विचारणाऱ्याने भिलईच्या पोलाद प्लांटमध्ये काम केलेलं नसतं. मी छत्तीस वर्षं मेकॅनिकल मेंटेनन्समध्ये काढली. दुसऱ्याने वापरलेलं मशीन तपासल्याशिवाय लोडवर घ्यायचं नसतं.

तपासायला मी ते पॉवर हाऊस भागात भूषणच्या गॅरेजमध्ये नेलं. भूषणने गाडी वर उचलली, खालून अर्धा तास बॅटरी मारून पाहिली आणि हात पुसत बाहेर आला.

"काका, टायर सत्तर टक्का हाये. ब्रेक बढिया. हवेचं सस्पेन्शन बी अभी तो मस्त चालून राहिलं. ऑईल बदलून देतो आन चलाओ."

"आन त्या दगडाच्या रस्त्यासाठी काय काय लावायचं?"

"कुछ नहीं. पहिले महिनाभर चलाओ. गाडी खुद बताएगी काय पायजे ते."

गाडी स्वतः सांगेल, हे मला पटलं नाही. छत्तीस वर्षांत कोणतंच मशीन माझ्याशी आधी बोललेलं नाही. जी बोलली ती सगळी मोडल्यावर. भूषणला ऑईलचे पैसे दिले, धन्यवाद दिले आणि घरी येऊन दोन फोन केले.

पहिला गुलाबरावांना. गुलाबराव भट्टीच्या आत विटा लावणाऱ्या खात्यातून रिटायर झाले. त्यांचं मत असं की जगात जे जे बिघडतं ते उष्णतेने बिघडतं, संसारसुद्धा. दुसरा फोन दौलतरावांना. दौलतरावांनी एकतीस वर्षं ओव्हरहेड क्रेन चालवली, त्यामुळे माणसाकडे ते अजूनही वरून बघतात आणि प्रत्येक वस्तू कुठून तरी पडणार आहे असं धरून चालतात. दोघेही माझ्यासारखेच भंडाऱ्याकडचे, रिसालीत माझ्याच गल्लीत घरं बांधून राहिलेले आणि माझ्यासारखेच सकाळी साडेपाचला उठून काही काम नसलेले.

तिघांनी गाडीला तीन फेऱ्या मारल्या. लाल बांधणीचं रजिस्टर आणलं. मी मथळा लिहिला: शटडाऊन, जानेवारी.

आता नियम सांगतो, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे. प्लांटमध्ये मशीनवर हात घालण्याआधी त्याची वीज तोडतात आणि तो स्विच पुन्हा कोणी चालू करू नये म्हणून कुलूप घालतात. तीन माणसं काम करत असतील तर तीन कुलपं. ज्याचं कुलूप त्याचीच चावी, आणि काम झाल्यावर त्यानेच ते काढायचं. दुसऱ्याच्या कुलपाला हात लावायचा नाही. सुपरवायझर असो की साक्षात सासरा असो. ह्या नियमामुळे आम्ही तिघे दोन-दोन हात घेऊन रिटायर झालो.

म्हणून गाडीत पहिली सुधारणा मी केली ती बॅटरीची वीज तोडणाऱ्या स्विचची. बॉनेटखाली बसवला, त्याला सहा भोकांची लोखंडी पट्टी लावली, आणि आम्ही तिघांनी आपापली कुलपं अडकवली. गुलाबरावांनी 'सावधान, काम चालू आहे' अशी लाल पाटीसुद्धा घरून आणली. ती त्यांच्याकडे का होती हे मी विचारलं नाही. माझ्याकडे दोन आहेत.

वंदना चहा घेऊन आली. तिने पाटी वाचली.

"कवा जाऊन राहिले आपन बाईकडे?"

"पुढच्या रविवारी," मी म्हणालो.

फेब्रुवारीत मी ठरवलं की हवेचं सस्पेन्शन काढून लोखंडी स्प्रिंगा घालायच्या. हवा म्हणजे भरवशाची गोष्ट नाही. स्प्रिंगा दिल्लीहून मागवल्या. आल्या त्या उंच निघाल्या. गुलाबराव म्हणाले, गाडी उंच झाली की सायलेन्सरची गरमी सरळ मैनाबाईंच्या पायाखाली येईल, तेव्हा आधी खालून उष्णतारोधक पत्रा बसवा. मुद्दा बरोबर होता. स्प्रिंगा खोक्यातच ठेवल्या.

होळी झाली. बाईंचा फोन आला. "जवाई, कवा येता?" मी म्हणालो, "आलोच, बाई, थोडं काम राहिलं." बाई म्हणाल्या, "सावकाश या. घाई नोका करू. मी कुठी जाऊन राहिली?"

मार्चमध्ये इंजिनाच्या पोटाखाली संरक्षक प्लेट बसवायचं ठरलं. बाजारात मिळते ती तीन मिलिमीटरची. आम्ही तिघांनी एकमेकांकडे बघितलं. तीन मिलिमीटरला आमच्याकडे प्लेट म्हणत नाहीत, त्याला पत्रावळ म्हणतात. आम्ही दहा मिलिमीटरची कापून आणली. ती लावली तर गाडीचं नाक दोन इंच खाली गेलं, म्हणजे जे दगड आधी लागले नसते ते आता लागणार होते. प्लेट काढली. तिला भोकं पाडून वजन कमी करायचं ठरलं. किती भोकं, यावर एप्रिल गेला.

वंदना ह्या काळात कमी बोलायला लागली. एकदा तिने भाजी चिरता चिरता विचारलं, "तो भूषन म्हने का नाई, की ऑईल टाका आन चालवा?"

"तो पोरगा आहे. त्याले काय समजते?"

"त्याच्या गाड्या चालतात," ती म्हणाली आणि कांदा घेतला.

मे महिन्यात विंचवरून भांडण झालं. विंच म्हणजे गाडीच्या नाकावर बसवायचा दोर गुंडाळणारा यंत्राचा रहाट. गाडी रुतली की दोर झाडाला बांधायचा आणि गाडी स्वतःच स्वतःला ओढून काढते. दौलतरावांनी पहिल्या दिवसापासून एकच गोष्ट मागितली होती, ती ही. गुलाबराव म्हणाले, "वजन वाढते. आन तुमी क्रेनवाल्याइले सगळं उचलाच लागते. न उचलता बी काम होते कधी कधी." मत द्यायची वेळ आली तेव्हा मी गुलाबरावांच्या बाजूने हात वर केला. दौलतरावांनी डबा उचलला, चष्मा खिशात घातला आणि घरी गेले. तिसऱ्या दिवशी कळलं की ते मुलीकडे पुण्याला गेलेत, महिनाभरासाठी. कुलूप गाडीलाच होतं.

जूनच्या आठ तारखेला सकाळी सहा वाजता कोसमटोल्याहून फोन आला. बाईंचा डावा डोळा दोन दिवसांपासून ठणकत होता. लालबुंद झाला होता, अर्धं डोकं फुटतंय म्हणत होत्या आणि पोटात पाणी ठरत नव्हतं. वंदनाने फोन ठेवला आणि माझ्यासमोर उभी राहिली.

"गाडी काढा."

मी बॉनेट उघडलं. माझं कुलूप काढलं. गुलाबरावांना हाक मारली. ते बनियनवरच आले आणि त्यांनी त्यांचं काढलं. तिसरं लटकत राहिलं. पितळी, त्यावर पांढऱ्या रंगाने डी. आर. लिहिलेलं.

"कटर हाय ना घरात?" वंदना म्हणाली.

"आहे. पण दुसऱ्याचं कुलूप तोडत नाई."

"तुमच्या प्लांटात मानूस गावाले निघून गेला तं काय करत होते?"

"त्याचा फॉर्म असतो. खातेप्रमुखाची सही लागते."

"मंग आना फॉर्म. मी करते सही."

गुलाबराव बनियन ठीक करत आपल्या घरी गेले. मी पुण्याला फोन लावला.

"दौलतराव, कुलूप राहिलं तुमचं."

"विंच पास झाली का?"

"नाई."

"मंग माझं काम पेंडिंग हाये, केवलराम भाऊ. काम पेंडिंग असतानी कुलूप निघते का? तुमीच सांगा."

नियमाने निघत नाही. मी म्हणालो, "नाई निघत." त्यांनी पुण्यातल्या हवेबद्दल सांगितलं आणि फोन ठेवला.

"बाईचं सांगतलं त्याइले?" वंदनाने विचारलं.

"तो विषयच नाई निघाला."

 ती आत गेली, पिशवीत एक लुगडं, पाण्याची बाटली आणि फाईल टाकली आणि चपला घालून बाहेर पडली. फाटक तिने आपटलं नाही, नेहमीसारखं लावलं. कोपऱ्यावर ऑटो थांबवताना मी तिला पाहिलं. पॉवर हाऊस स्टेशनवरून गोंदियाकडे जाणारी सकाळची रेल्वे तिला मिळणार होती.

मी गाडीजवळ स्टूल टाकून बसलो. साधारण दोन तास बसलो असेन. त्या वेळात मी स्वतःला सांगत होतो की नियम नियम असतो. खरं कारण वेगळं होतं आणि ते मला ठाऊक होतं. मी मतदानात दौलतरावांना पाडलं होतं, आणि आता अडचण सांगून त्यांच्यापुढे हात पसरायची माझी तयारी नव्हती. बाईंचा डोळा आणि माझा तोरा ह्यात मी तोरा निवडला होता आणि वर त्याला प्लांटचं नाव दिलं होतं.

साडेनऊला मी कटर आणला. पितळ मऊ असतं. कुलूप मिनिटभरही टिकलं नाही.

गाडी पहिल्याच झटक्याला सुरू झाली. सहा महिन्यांत तिच्यात काय काय बसलं होतं ते सांगतो: एक वीज तोडायचा स्विच. स्प्रिंगा खोक्यात होत्या, प्लेट भिंतीला टेकून होती, उष्णतेचा पत्रा गुलाबरावांच्या गच्चीवर होता. बाकी गाडी ठेकेदाराने दिली तशीच होती, भूषणच्या ऑईलसकट.

राजनांदगाव गेलं, डोंगरगड गेलं. वंदनाला मी चार वेळा फोन केला. घंटी वाजत होती. सालेकसाच्या पुढे डांबर संपलं आणि दगड सुरू झाले. मी थांबलो, बटण दगडाच्या चित्रावर आणलं, चालवताना हात घामाने निसटू नये म्हणून पुसले आणि निघालो. गाडी थोडी वर उचलली गेली आणि चालत राहिली. आतमध्ये डॅशबोर्डवर ठेवलेली माझी चष्म्याची डबी जागची हलली नाही. नाला आला. घोट्याच्या वर पाणी होतं. मी आत घातली. पलीकडे निघाली तेव्हा इंजिनाचा आवाजसुद्धा बदललेला नव्हता. एकही दगड लागला नाही. मी पलीकडच्या काठावर गाडी थांबवून खाली उतरलो, वाकून पोट पाहिलं. ओरखडा नव्हता. एखादा तरी असायला हवा होता असं मला फार वाटलं.

बाईंच्या दाराला बाहेरून कडी लावलेली होती. शेजारचा लहानू ट्रॅक्टर धूत होता. त्याने मला पाहिलं, गाडी पाहिली, नळी खाली ठेवली.

"गेल्या ना बाई. तुमच्या घरच्याइनं येऊन नेलं, दोन घंटे झाले. ट्रॉलीत खाट टाकली, गाद्या टाकल्या, मीच टेसनावर सोडून आलो. लय कन्हल्या रस्त्यानं."

"तुझे उपकार झाले."

"काहाचे उपकार? मी तं होळीलेच म्हनलं होतं, बाई, चाला, पोचवून देतो. सरपंचानं बी जीप देतो म्हनलं. पर बाई आयकेच ना. म्हने, माह्या जवायानं माह्यासाठी गाडी घेतली, तो न्यायले येऊन राहिला, मी दुसऱ्याच्या गाडीत बसली तं त्याले कसं वाटन?"

मी त्याला पाणी मागितलं. त्याने तांब्या आणून दिला. उभ्यानेच प्यायलो.

दुर्गला दवाखान्यात पोचलो तेव्हा डॉक्टरने बाईंना आत घेतलं होतं. वंदना बाकावर बसली होती. मी बाजूला बसलो. तिने जागा करून दिली, एवढंच. डॉक्टर बाहेर आला तेव्हा तो घाईत नव्हता, आणि डॉक्टर घाईत नसला की मला भीती वाटते. उजवा डोळा होईल, तो म्हणाला, आठवड्याभरात करू, चांगला दिसेल. डाव्याचा दाब उतरवू, दुखणं थांबेल. पण नजर गेली आहे, आतली नस सुकली. "मार्च-एप्रिलमध्ये आणलं असतं तर दोन्ही वाचले असते. कोणी आणलं का नाही?"

वंदना जमिनीकडे बघत होती. माझं नाव ती सांगू शकली असती, आणि तिला हक्क होता. तिने फाईल डॉक्टरपुढे केली. तेव्हा मी बोललो. "माझ्यामुळे उशीर झाला." डॉक्टरने फाईलवर काहीतरी लिहिलं.

त्या संध्याकाळी दौलतरावांना फोन करून मी कुलूप तोडल्याचं सांगितलं आणि का तोडलं तेही सांगितलं.  "मले सकाळी कावून नाई सांगतलं?" ते म्हणाले. "मी म्हनलो असतो ना, तोडा." त्यांचा आवाज तुटत होता. ते रडत होते की पुण्यात रेंज नव्हती हे कळलं नाही.

तिसऱ्या दिवशी दाब उतरला आणि बाईंना ऑपरेशनपर्यंत घरी न्यायला सांगितलं. मी गाडी दवाखान्याच्या दारापाशी लावली. वॉर्डबॉयने आणि मी धरून बाईंना पुढच्या सीटवर बसवलं. डाव्या डोळ्यावर पट्टी होती, उजव्याने त्यांना उजेड तेवढा कळत होता. त्यांनी हाताने सीट चाचपली, दार चाचपलं, समोरचं कपाट उघडून पाहिलं.

"लय मऊ हाय," त्या म्हणाल्या. "याच गाडीत येनार होतो आपन?"

"हो, बाई. हीच."

"त्या दिवशी तुमी गावाले गेलते म्हने. नाल्यात फसली का हो?"

वंदना मागे बसली होती. आरशात मला तिचा चेहरा दिसत होता. फसली म्हणालो असतो तर सगळं जागेवर बसलं असतं. रस्ता खराब होता, गाडी तयार नव्हती, म्हातारीला त्यात घालण्यात धोका होता, सहा महिने शहाणपणाचे होते. बाईंना तेच ऐकायचं होतं. त्यांच्या आवाजात मला ते ऐकू येत होतं. जावयाला दोष लागू नये म्हणून त्यांनीच मला वाट करून दिली होती. शब्द माझ्या तोंडात तयार होता. मला स्वतःची इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती.

"नाई फसली, बाई," मी म्हणालो. "रायपूरहून आनली होती तशीच गेली. काही लावाचं कामच नव्हतं तिले."

 बाईंनी माझा हात शोधून त्यावर थोपटलं.

"जाऊ द्या, जवाई. आपन फालतू घाबरलो."

"बाई," मागून वंदना म्हणाली, "तू कुठी घाबरली होती? तू तं वाट पाहून राहिली होती."

तिने पुढे वाकून बाईंचा पट्टा ओढला आणि लावला. मग मला म्हणाली, "चला."